आखाडा वगळून

५ एप्रिल
सकाळी राधा आली, मालकाच्या आखाड्यावरची, शेतातल्या वस्तीवरची. नवरा किसन तिथं सालगडी, त्याचं साल तीन पाडव्यांमागं सरलं. आगाऊ घेतलेली उचल फिटली न्हाई म्हणत मालक त्याला सोडीना. आता पोरीलाबी शाळेतून काढून शेणाला लावलंय. "ताई, तुमी मेंबर हाव. लिहून द्या." अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला. पंचायतीचा शिक्का तेवढा राहिला.

८ एप्रिल
सरपंचांनी अर्ज वाचला, घडी घालून खिशात ठेवला. गावठाणवाढीचा ठराव तोंडावर आलाय. आमची धनगरवाडी गावठाणात आली की नळ, घरं नावावर. पण मालकाच्या चार मेंबरांशिवाय ठराव न्हाई.
"वाडी आत घिऊ, आखाडा बाहेर ठिवू," म्हणाले. "हद्दीबाहेरचं पंचायत कशाला बघंल?"
मी म्हणले, माणसं तर गावचीच.
"तुमची आई अजून लांबून पाणी आणती न्हवं?"
अर्ज त्यांच्या खिशातच सोडून घरी आले.

११ एप्रिल
ठराव झाला, एकमतानं. नकाशावरची लाल रेघ आखाड्यापाशी आली अन् वळसा घालून पुढं गेली. मालक मागं बसून चहा पीत होता. सगळ्यांत आधी हात मी वर केला. वाडीत पेढे वाटले.

१२ एप्रिल
राधा विहिरीवर. "शिक्का बसला का?"
"बघायलेत," म्हणले. खोटं.
"बरं," म्हणाली. तिच्या त्या 'बरं'चा लय राग आला. तिचा कशाला?

१९ एप्रिल
ताडकळसचा बाजार. स्टँडवर परभणीच्या गाडीत किसन, राधा, पोरगी. सोबत गाठोडी. मालकाचा पुतण्या दोन गडी घेऊन मोटारसायकलींवर आला, किसनला कॉलर धरून खाली ओढलं, मधे बसवून नेलं. गाडी भरलेली, कुणी उठलं न्हाई. मी पिशवी धरून तिथंच उभी. राधा पोरीला कवटाळून बसून राहिली. खिडकीतून एकदा बघितलं माझ्याकडं. गाडी सुटली.

२२ एप्रिल
राधानं परभणीत तक्रार दिली, एकटीनं. साक्षीदार म्हणून माझं नाव सांगितलंय. किसन अजून आखाड्यावरच.
सरपंच घरी आले. "नकाशाला वरून मंजुरी यायचीय, ताई. तुमी त्या दिवशी बाजाराला गेल्याच नव्हत्या."
ते गेल्यावर आई म्हणाली, "सांग की, न्हवते म्हणून. तुझं काय जातंय?" चाळीस वर्षं पाणी वाहिलंय तिनं. तिला काय बोलू.

२३ एप्रिल
उद्या अकराला परभणीत जबाब. सरपंचांचा फोन, "गाडीनं सोडतो."
"मी बसनं जाते," म्हणले. एवढंच निघालं तोंडातून. तिथं राधा असंल समोर. विचारल्यावर मी…