प्रभारी

प्रिय मॉनिटर,

शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी माझ्या तोंडी तुझं हेच नाव येतं. आपल्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत मात्र तू सगळ्यांचा 'साहेब'. अर्थ एकच, ज्याच्याकडे बघून बाकीचे गप्प होतात तो. तब्येत विचारत नाही, तू घरी गेल्यापासून ती वहिनी रोज फोनवर सांगतात. तू कामावर परत यायचं नाही म्हणतोस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तुझ्या हातात फोन दिला की तू 'बरा आहे' म्हणतोस आणि फोन त्यांना परत देतोस. म्हणून हे पत्र. ते असं मध्येच कुणाच्या हातात देता येत नाही.

आधी इकडची हकीकत. छातीत दुखून तू वरच्या मजल्यावर दाखल झालास आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या खोलीच्या दारावर कागद चिकटला, त्यावर माझं नाव आणि पुढे 'प्रभारी'. घड्या घालणाऱ्या मोठ्या मावशींनी विचारलं, प्रभारी म्हणजे पगार वाढला का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग नुसताच भार. बॉयलरवाला मला 'हंगामी साहेब' म्हणतो. हंगाम संपला की फळवाल्याने गाडी उचलायची, तसं तुम्हीही उचलायचं, असं वर समजावतो. ऑफिसातले कारकून 'कार्यवाहक' म्हणतात, तेही काम अडलं तरच. घरी आमच्या हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तिकडे कुणीही असा, किराणा कधी आणताय? तिच्या खात्यात मी कायमचा मदतनीस आहे, तिथे बढती नाही.

हे सगळे शब्द मला एकच सांगतात, 'खुर्ची तुझी नाही, नीट बस.' खरं सांगू, मला ते आवडायला लागलेत. कागदावर तुझ्या नावाचा शिक्का मारतो, वर 'करिता' लिहितो आणि सही करतो. सकाळी देवापुढे हात जोडले की हाच शब्द मनात येतो. आपण सगळे इथे कुणाच्या तरी करिताच सह्या करतोय, मालक वेगळा आहे. तू हसशील. हस, तेवढंच बरं वाटेल.

पहिल्याच आठवड्यात बॉयलर बंद पडला, वाफेअभावी कपडे वाळवायची यंत्रंही थंड. ऑपरेशन थिएटरचे गाऊन ओले, वॉर्डांच्या चादरींचा ढीग ओला, आणि दारात कमरेवर हात ठेवून मेट्रनबाई. मी सवयीने म्हणालो, थांबा, साहेबांना विचारून येतो, आणि खरंच तुझ्या खोलीकडे चालू लागलो. बॉयलरवाल्याने मागून हाक मारली, "अहो, साहेब तुम्हीच. निघालात कुठे?" सगळे हसले, मेट्रनबाईसुद्धा. मग काय, गाऊन गाडीत घालून पलीकडच्या हॉस्पिटलात पाठवले, दोऱ्या मागवल्या आणि चादरी गच्चीवर नेल्या. दुपारी गच्चीवर नुसतं पांढरं पांढरं, वारा असा की मावशींना चादरी धरता धरता पुरेवाट झाली. संध्याकाळी एकही पलंग उघडा राहिला नाही. मला हे जमतं, हे तेव्हा कळलं. आणि ज्याला धावत जाऊन सांगावं तो खोलीत नाही, हेही.

गावच्या शाळेत गुरुजी बाहेर गेले की दंगा करणाऱ्यांची नावं तू फळ्यावर लिहायचास. माझं नाव कधी आलं नाही. मी शहाणा होतो म्हणून नव्हे, तू मला फळा पुसायला शेजारी उभा करायचास म्हणून. पुढे नोकरीतही तू प्रमुख आणि मी सहायक. तुझ्या हाताखाली एवढी वर्षं गेली, पण 'हाताखाली' हा शब्द मला कधी टोचला नाही. तो तुझ्या वागण्याचा गुण. नवीन मुलींना काम शिकवताना तू आधी त्यांना चहा पाजायचास, मग चूक दाखवायचास. मी घाईत उलटं करतो. परवा एक रडली.

काल वहिनींचा आवाज वेगळा होता. म्हणाल्या, "भावजी, डॉक्टरांनी अर्ध्या दिवसाच्या कामाला हो म्हटलंय, फक्त डोक्याला ताप नको. हे म्हणतात, साहेब म्हणून बाहेर पडलो, आता कोण म्हणून परत जाऊ? दिवसभर खिडकीशी बसतात. ताट पुढे ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर मागत नाहीत." मला रात्री जेवण गेलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारलं, प्रभारी हा शब्द किती दिवस चालवायचा, कायमचे प्रमुख होता का? मी सोमवार दुपारपर्यंत मुदत मागितली आणि एक अट घातली. अट त्यांना मान्य आहे, तुला आहे का ते विचारायचंय. मी प्रमुख होतो, तू माझा सहायक म्हणून ये. सकाळचे चार तास, फक्त शिकवायचं. बॉयलर, मेट्रनबाई, ऑफिस, सगळा ताप माझ्याकडे. हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलंय, कागद बघ. तुझ्यावरच्या जागेवर बसायची मला हौस नाही, पण तुला त्या खिडकीशी सोडून मी खालच्याही जागेवर नीट बसू शकत नाही. राग आला तर येऊन भांड, तेही चालेल. सोमवारी सकाळी मी खोलीत नसेन, घड्यांच्या टेबलाशी असेन. मोठी चादर एकट्याला आवरत नाही. सरळ आत ये आणि दुसरं टोक धर.

तुझाच,
भगत