यान बावीसची जमीन हिरवीच

४ मार्च, सोमवार, पहाटे ५.४०
आजपासून फोन दिवसातून एकदाच. दुपारच्या चहाला, दहा मिनिटं. ‘यान बावीस’च्या ग्रुपवर काय चाललंय त्यावाचून माझं काही अडत नाही.

५.५५
एकदा बघितला. बघावाच लागला, नाहीतर कामात लक्ष लागलं नसतं. मास्तरांनी लिहिलंय, रिमास्टर बघून डोळ्यांचं पारणं फिटलं. त्यांचं फिटलं असेल. माझं डोकं फिरलं.

डोकं शांत व्हावं म्हणून पहिल्यापासून लिहिते. मी सहा वर्षांची असताना टीव्हीवर ‘यान बावीस’ लागायचं. पृथ्वी वाळून गेली म्हणून बावीस माणसं यानातून हिरवी जमीन शोधत फिरतात. दर आठवड्याला नवा ग्रह. कप्तान खाली उतरतो, चार पावलं टाकतो, म्हणतो, इथे हिरवं काही नाही, पुढे चला. आणि उभा कशावर? हिरव्यागार जमिनीवर. हीच तर सगळ्या गोष्टीची मेख. काखेत कळसा नि गावाला वळसा. मोठमोठ्या शिकलेल्यांना कळली नाही, मला सहाव्या वर्षी कळली. शाळा चौथीत सुटली पण हे डोक्यात पक्कं बसलं.

आता कुठल्याशा गोदामात जुनी रिळं सापडली. ती धुऊनपुसून चकचकीत केली, त्याला रिमास्टर म्हणतात. पहिला भाग फोनवर आलाय. जमीन करडी. चुलीतल्या राखेसारखी. मग त्या कप्तानाने काय चूक केली? काहीच नाही. म्हणजे गोष्टच मारून टाकली.

५ मार्च, मंगळवार, दुपारी
चहाला बघितला. त्याच्या आधी दोनदा.
ग्रुपवर दोनशे माणसं आणि निम्मी म्हणतात, वा, कप्तानाच्या कोटाची बटणं दिसायला लागली. बटणं बघायला बसला होतात का?
टाइप करायला मला तास लागतो म्हणून बोलूनच मेसेज टाकला. चार मिनिटांचा. म्हटलं, मी सव्वीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत आहे. पांढऱ्यातले पाच पांढरे मला वेगळे दिसतात. रंग मला शिकवू नका. जमीन हिरवी होती, आभाळ रात्रीसुद्धा निळं होतं आणि माणसांच्या तोंडावर लाली होती. आता सगळे आजारी दिसतात. ब्लीच जास्त झालं की असंच होतं, मी रोज बघते.

मास्तर रिटायर झाले तरी तपासणी सुटत नाही. त्यांनी विचारलं, ताई, यानाच्या आतली फरशी कुठल्या रंगाची होती? मी म्हटलं, हिरवी. तिथे गालिचा होता. ते म्हणाले, अंतराळात गालिचा कशाला? मी म्हटलं, पाय गार पडतात म्हणून.
एकतीस जणांनी अंगठा दिला. आम्हालाही हिरवीच आठवते म्हणाले. एकतीस. माझ्या लग्नाला आमच्या बाजूने एवढी माणसं नव्हती.

६ मार्च, बुधवार
अॅडमिन बाईंचा फोन. स्वतःहून. तेवीस तारखेला लायब्ररीच्या हॉलमध्ये स्टुडिओचा माणूस येणार आहे, ज्याने ही साफसफाई केली तो. रिळांचे रंग उडालेत, काही ठिकाणी अंदाजाने भरावे लागतात, म्हणून जुन्या बघणाऱ्यांना विचारून मग उरलेले पंचवीस भाग करणार. तेवीसला जे ठरेल ते कायमचं. दोन्ही बाजूंनी एकेक जण बोलणार. करड्याकडून मास्तर. हिरव्याकडून तुम्ही बोलाल का?
म्हटलं, बघते, वेळ आहे का.
फोन ठेवला आणि जिन्यावरून दोनदा खालीवर केलं. मला आजवर कुणी बोलायला उभं केलेलं नाही. बस म्हणणारेच भेटले.

८ मार्च, शुक्रवार
किरकोळ प्रकार झाला. मशीन भरताना मास्तरांना उत्तर देत होते. पांढऱ्यात एक लाल नॅपकिन गेला. चाळीस उशांचे अभ्रे गुलाबी. सुपरवायझर म्हणाली, तुला पाच पांढरे दिसतात ना, मग एक लाल कसा दिसला नाही? तिला ग्रुपमधलं कोण सांगतं देव जाणे.
मी म्हटलं, गुलाबी बरा दिसतो, पाहुणे खूश होतील. तिने मला आठवडाभर टॉवेलांच्या घड्यांवर बसवलं. ठीक आहे. घड्या घालताना डोकं मोकळं असतं, भाषण तयार होतं.
उद्यापासून कामात फोन बंद. पूर्ण.

१० मार्च, रविवार
भाषण लिहिलं. अकरा पानं. ह्यांना समोर बसवून वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर डोळे मिटले. म्हणे, मिटून ऐकलं की नीट समजतं. शेवटी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, छान. मग म्हणाले, पण समजा करडीच असली तर?
पोस्टात तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं लावून माणूस असा होतो. स्वतःचं असं काही मत नाही. संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही.

१४ मार्च, गुरुवार
मास्तरांचा मेसेज, ग्रुपवर नाही, मला एकटीला. म्हणतात, आमच्याकडे तेव्हा रंगीत टीव्ही होता, मला जमीन करडी स्पष्ट आठवते. सगळ्यांसमोर वाद वाढण्याआधी तुम्ही एकदा घरच्या कुणाला विचारून घ्या.
घाबरले. हरायची वेळ आली की माणूस गोड बोलतो.
पण कल्पना चांगली दिली. साक्षीदार. आमची ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुणी काय घातलं होतं, सगळं तिला तारखेनिशी पाठ. तिला फोन लावला. ती गडबडीत होती, मागे मिक्सर चालू. म्हटलं, यान बावीस आठवतं? म्हणाली, तो टकलू कप्तान ना. म्हटलं, जमीन कुठल्या रंगाची दिसायची? म्हणाली, हिरवी, का गं?
बस. पुढे एक शब्द विचारला नाही. जास्त विचारलं की साक्षीदार बिघडतो. तेवीसला चल म्हटलं. चहा असेल तर येते म्हणाली.

१७ मार्च, रविवार
झोप नीट नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की काय करायचं ते आठवत नाही. भाजी करपली. ह्यांनी गुपचूप खाल्ली.
अकरा पानांची सात केली. पुन्हा नऊ झाली.
जिंकल्यावर मास्तरांना टोचून बोलायचं नाही. फक्त एकदा म्हणायचं, बघा.

२३ मार्च, शनिवार, सकाळी ८
निळा ड्रेस. चष्मा पुसला. पानं पर्समध्ये. आज मास्तरांचे दात त्यांच्याच घशात घालायचे, पण शांतपणे.

दुपारी ४.३०
घरी आले. डोकं दुखतंय. उद्या लिहीन.

४.५०
लिहूनच टाकते, नाहीतर रात्रभर डोक्यात फिरत राहील.
हॉलमध्ये पन्नासेक माणसं. स्टुडिओचा माणूस अगदी पोरगेला, पण ऐकून घेणारा. वही उघडून बसला. मास्तर आधी बोलले, पाच मिनिटांत संपवलं. मग मी. पहिल्या दोन पानांना आवाज कापत होता, नंतर नाही. काखेत कळसा आला तेव्हा टाळ्या पडल्या. खऱ्या. स्टुडिओवाला लिहून घेत होता. म्हणाला, गोष्टीचा असा अर्थ आमच्यात कुणाला सुचला नव्हता, जमिनीत हिरवा थोडा वाढवून बघता येईल.
इथेच बसले असते तर झालं होतं. पण मला हौस. म्हटलं, अजून एक साक्ष आहे. ताईला उभं केलं.

ताईने बिस्किट संपवलं, पर्स खुर्चीवर ठेवली. स्टुडिओवाल्याने विचारलं, मावशी, जमीन कशी दिसायची? म्हणाली, खाली हिरवी. मी सगळ्यांकडे बघितलं. ताई पुढे म्हणाली, मधे तांबूस आणि वर निळी. त्याने विचारलं, जमीन? ताई म्हणाली, जमीन कसली, सगळंच. बाबांनी टीव्हीच्या काचेपुढे तो रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावला होता ना, तीन पट्ट्यांचा. टीव्ही काळापांढराच. रंगीत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून तो कागद आणला. बातम्या सांगणारी बाईसुद्धा केसांत निळी, तोंडाला तांबडी आणि खाली हिरवी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तू लहान होतीस, तुला वाटायचं ती तशीच आहे. आम्ही कुणी सांगितलं नाही, तू खूश असायचीस.

मी पानं उलटत होते, जणू नवव्या पानावर ह्याचं उत्तर आहे.
मग मागून एक जण हळूच म्हणाला, आमच्याकडेही होता तो कागद. एक बाई म्हणाली, आमचा एका कोपऱ्यात फाटलेला होता. अॅडमिन बाईंनी विचारलं, अजून कुणाकडे? हिरव्याकडून सतरा जण आले होते. चौदा हात वर. उरलेले तिघं शेजाऱ्यांकडे बघायला जायचे, त्या शेजाऱ्यांकडे होता.
म्हणजे माझा अख्खा पक्ष प्लॅस्टिकचा.

लोक हसले. ताई सगळ्यात जास्त. मास्तर हसले नाहीत. त्यांनी ताईला विचारलं, कप्तान खाली वाकला की काय व्हायचं? ताई म्हणाली, तोंड हिरवं व्हायचं. ते म्हणाले, आमच्या खिडकीत शेजारची पोरं उभी राहून बघायची, काहींना आमचा टीव्ही आवडायचा नाही, फिका आहे म्हणायची, का ते आज कळलं. अगदी मायेने बोलले. हसले असते तर परवडलं असतं.
स्टुडिओवाल्याने वहीत एक ओळ खोडली. मी जवळच होते, दिसलं. जमीन करडी, असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.
परतताना ताई म्हणाली, भाषण मात्र छान केलंस हो. चहा पण चांगला होता.

२४ मार्च, रविवार, सकाळी ७
ग्रुप सोडला.

७.२०
परत घेतलं अॅडमिन बाईंनी. बघणार नाही.

११.००
बघितला. माझ्याबद्दल एकच मेसेज. बाकी सगळे बटणांवर.
ह्यांना सगळं सांगितलं, कागदासकट. चहा झाला, पेपर झाला.
मग मी तो पहिला भाग पुन्हा लावला, ह्यांच्या मोठ्या फोनवर, कपाटाला टेकवून. पहिल्यांदाच पूर्ण बघितला. कप्तान उतरला. चार पावलं टाकली. करडी जमीन, काळं आभाळ. इथे हिरवं काही नाही, म्हणाला. खरंच नव्हतं. तो बिचारा इतकी वर्षं खरं सांगत होता आणि मी त्याला मूर्ख म्हणत होते.

हे येऊन शेजारी बसले. बघत राहिले. मग म्हणाले, आपलं लग्न झालं त्या सालात मला बंदराच्या ऑफिसात बदली मिळत होती, समुद्रासमोर क्वार्टर होती. तू म्हणालीस, आधी पायाखाली बघा, आणि ह्या कप्तानाची गोष्ट सांगितलीस. मी नाही म्हणून कळवलं.
मी म्हटलं, बरं मग?
म्हणाले, काही नाही. म्हणजे ते त्या कागदामुळे?
यान उडायला लागलं होतं. मी म्हटलं, सरका जरा, दिसत नाही.
ते सरकले.