ओळखीचा आवाज

संगमेश्वर भावजी,

तुमी बाहेरच्या खोलीत उद्याच्या उपोषणाचा फलक रंगवताय आन मी आत हे लिहिते. तुमच्या हातात द्यायची हिंमत न्हाई.

तुमच्या दादांचा खून होऊन उद्या नऊ वर्षं होतील. तुमी परळीच्या ठाण्यात, बीडला, मुंबईला खेटे घातले. चाळिशीच्या आत डोकं पांढरं झालं. दरवेळी मला इचारलं, "वहिनी, त्या रात्री दारात कोण आलतं? आठवा की जरा." मी म्हणायची, आवाज ओळखीचा न्हवता.

भावजी, माझा भाऊ महालिंग आलता.

"दाजी, जरा बाहेर येता का?" म्हणला. मी चपात्या लाटत होते. दुकानाच्या जागेवरून दोघांचं लई वाजलं होतं. मला वाटलं, मिटवायला आलाय. सकाळी तुमचे दादा थर्मलच्या राखेच्या तळ्याकडं सापडले.

पोलीस यायच्या आधी माझ्या आईनं माझे पाय धरले. "तुझा नवरा गेला, माझा ल्योक तरी ठेव." त्या दिवशी मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सांगावं म्हणलं, तर कालच का न्हाई सांगितलं, ह्याला उत्तर न्हवतं. आता तर नऊ वर्षं झाली. आत्याबाई, तुमच्या आई, अजून मला आधी वाढून मग जेवतात.

आत्ताच महालिंगचा फोन आलता. उद्याचा मंडप त्यानंच सांगितलाय. "ताई, मी पण बसतो तुझ्याजवळ," म्हणला.

मी 'ये' म्हणले.

तुमच्याच घरातली,
गंगासागर