सासूबाईंचं अमर नाव

२ डिसेंबर, छंगतू, चीन
शेअर कायमचे बंद. आता फक्त कोरीव टोकनं. बिटकॉइनच्या चिमुकल्या तुकड्यावर मजकूर कोरायचा, फी भरायची, टोकन आपलं. अट एकच, साठा संपायच्या आत पोचायचं. घाई करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

५ डिसेंबर
एकदाही वेळेत पोचलो नाही. फी मात्र गेली. याला शिक्षण म्हणतात. रुओलानला सांगितलं नाही, बायकोला माझ्या शिक्षणाचा खर्च आवडत नाही.

९ डिसेंबर
सासूबाईंची सत्तरी जवळ आली. जेडच्या बांगडीसाठी रुओलानने पैसे दिले होते. पण बांगडी फुटते! मी बिटकॉइनच्या एका तुकड्यावर सासूबाईंचं नाव घालून कोरलं: ‘वन शूछिन, शतायुषी व्हा.’ जगबुडी झाली तरी पुसलं जाणार नाही. उरलेले पैसे टोकनांच्या फीला. रुओलान म्हणाली, “आई हातात काय घालणार, मोबाइल?” सासूबाईंनी मात्र माहजाँगचा डाव मांडणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं. गुणी बाई.

१४ डिसेंबर, दुपार
मोठं टोकन बाजारात आलं. फी भडकली, पैसे कमी पडले. मोबाइलमधल्या पाकिटाच्या तळाशी बिटकॉइनची थोडी चिल्लर होती, तीही लावली. मिळालं! पहिलंच!

१४ डिसेंबर, संध्याकाळ
ती चिल्लर म्हणजे सासूबाई.
कोरलेल्या नावासकट फीत गेल्या, व्यवहार नोंदवून फी घेणाऱ्या कुणा अनोळखी मायनरकडे. टोकनवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, “भावा, लग्नाची अंगठी टॅक्सीवाल्याला भाड्यात दिलीस.”

१६ डिसेंबर
टोकनला गिऱ्हाईक नाही. उद्या सत्तरीच्या जेवणात सासूबाईंच्या कोरलेल्या नावाबद्दल कुणी विचारणारही नाही. म्हाताऱ्या माणसांना काय कळतंय.

१७ डिसेंबर
हॉटेलात सगळ्यांनी विचारलं. “दाखवा की जावईबापू, अमर नाव!” दाखवलं. मेहुण्याने चष्मा सावरला. “दाजी, मालक म्हणून भलताच पत्ता दिसतोय?”
सगळं सांगावं लागलं. सासूबाई मैत्रिणींना म्हणाल्या, “म्हणजे नाव माझंच, पण दुसऱ्याच्या घरी. अगं, मुलींच्या जातीचं असंच असतं!” सगळ्या खळखळून हसल्या. मला वाचवलं त्यांनी. तोंड कुठे लपवू असं झालं.
मग त्यांनी आपल्या वाडग्यातल्या वाढदिवसाला दीर्घायुष्यासाठी खायच्या लांबलचक शेवया, एकही न तोडता, माझ्या वाडग्यात घातल्या. बाही वर सरकली. मनगट मोकळंच होतं. रुओलान तिकडेच बघत होती.