सरळ झालेलं दार

तीर्थरूप श्रीनिवासमामांस,

येरवड्याहून तनयाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि वाघोलीची पिठाची गिरणी, दोन्ही कुरकुर न करता चालत असतील अशी आशा आहे. पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर आमच्या गाडीचा विषय निघाला की तुमच्याकडची रेंज जाते (वाघोलीत एवढे टॉवर असूनही), म्हणून लिहिते आहे.

तुम्ही बाबांना विकलेल्या पिकअपचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार लोंबतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते लावायची एक रीत आहे: गुडघ्याने खालून उचलायचं, खांद्याने ढकलायचं आणि (हे महत्त्वाचं) तेव्हा आईकडे बघायचं नाही. मार्केट यार्डातले हमालसुद्धा आता ते असंच लावतात. बी.कॉम. झाल्यावर मी जाहीर केलं की नोकरी शोधणार नाही, बाबांबरोबर गाडी चालवीन आणि भाजी पोहोचवायचा आपला धंदा वाढवीन (लायसन्स आहे, त्याचे पेढे तुम्हीही खाल्ले आहेत). तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "आधी ते दार सरळ कर. मग किल्ली माग." आपल्या घरातली पहिली पदवी अशी दाराला लटकली.

माझं मत असं की वरवरची मलमपट्टी करू नये, मूळ शोधावं. मूळ बिजागरीच्या पिनांत होतं. त्या झिजून उदबत्तीच्या काडीसारख्या झाल्या होत्या. नव्या आणायला नाना पेठेत गेले. बसवणार कोण, असं दुकानदारांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी पिना कागदात गुंडाळल्या आणि म्हणाले, "हातोडी जपून मारा. पिना परत मिळतील, बोटं आम्ही ठेवत नाही." मग दाराखाली जॅक लावला, जॅकवर आईची गोधडी ठेवली (विचारून घेतली होती, नंतर), जुन्या पिना ठोकून काढल्या आणि नव्या बसवल्या. दार बोटाने हलू लागलं. आईने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बाबांनी दार ढकललं. ते झोकात आलं, ठक्कन आपटलं आणि तितक्याच झोकात परत गेलं. दुसऱ्यांदाही तेच. बाबांनी वाकून नीट पाहिलं. "दार सरळ झालं," ते म्हणाले. "आता गाडी वाकडी कर."

कारण असं की दाराचं लॉक ज्या कडीत अडकतं, ती कडी कुणीतरी लोंबत्या दाराच्या सोयीने खाली सरकवून ठेवली होती. दार वर गेलं, कडी खालीच राहिली. त्या दिवशी बाबा दार सुतळीने बांधून मार्केट यार्डात गेले. सिग्नलला लोक सांगत, काका, दार उघडं आहे. बाबांचं प्रत्येकाला एकच उत्तर, "असू दे. मुलगी ग्रॅज्युएट आहे." संध्याकाळी मी कडी सोडवून मूळ जागी बसवली. आता दार एका बोटाने लागतं. (बाबा अजून गुडघा उचलतात, तो हवेत जातो.) किल्ली मात्र त्यांच्याच खिशात आहे. म्हणतात, "श्रीनिवासरावांनी गाडी दिली तेव्हा दार ठणठणीत होतं. माझ्यासारख्या जुन्या ड्रायव्हरने ते बिघडवलं, तू तर कालची."

मामींच्या हातच्या थालीपिठाची आठवण काढत थांबते.

तुमची भाची,
तनया

ता.क. कडीखाली एक पत्र्याचा तुकडा घातलेला निघाला. गंजला आहे, पण लाल रंगातली 'निवा' ही अक्षरं अजून वाचता येतात. तुमच्या गिरणीची जुनी पाटी कुठे गेली, असं मामी विचारत असतात ना? मी तत्त्वाने खरं बोलते, पण हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. इतकी वर्षं ते त्या दाराचा दोष स्वतःकडे घेत आले आहेत. तेव्हा तुम्हीच फोन करून खरं काय ते सांगा, आणि तनयाला किल्ली द्या असंही सांगा. रेंज असेल अशा ठिकाणी उभे राहून.

आणखी एक ता.क. मी पाकीट शोधत होते तेवढ्यात बाबांनी पत्र वाचलं. मग टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, "पोस्टात कशाला टाकतेस? नेऊन दे." तेव्हा हे पत्र मीच घेऊन येते आहे. तुम्ही हे वाचाल त्याच्या जरा आधी गिरणीसमोर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला असेल, अगदी हलका. पत्र्याचा तुकडाही आणते आहे. बाबा म्हणाले, "श्रीनिवासरावांच्या पाटीला तेवढा कमी पडत असेल."