बदलली ती फक्त उशी

सोमवार, २ जून. सकाळ.
बायको आजही बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपली. म्हणते, मी घोरतो. मी स्वतः कधी ऐकलेलं नाही, पण वाद नको. दोष जुन्या उशीचा आहे, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करणार. ती खोलीत परत आली पाहिजे. एकट्याला पलंग फार मोठा वाटतो.

मंगळवार, ३ जून.
मेव्हणी शाळेत विज्ञान शिकवते. तिला फोन केला. म्हणाली, भाऊजी, एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा आणि मोजमाप शेवटपर्यंत एकाच मापाने करा. सहावीच्या पोरांना जमतं. म्हटलं, मग मला का नाही जमणार? त्यावर तिने सगळं पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.
तर बदल: उशी. मोजमाप: बायकोने सकाळी माझ्या घोरण्याला दहापैकी मार्क द्यायचे. जुन्या उशीला दहा. ती अकरा म्हणत होती, मी नियम दाखवला.

गुरुवार, ५ जून. सकाळ.
काल नवी उशी. शिवाय अर्धपोटी जेवलो, कुशीवर झोपलो, खिडकी उघडी ठेवली. या चांगल्या सवयी, यांना कोणी बदल म्हणत नाही.
मार्क नऊ. एका रात्रीत दहा टक्के सुधारणा.

शुक्रवार, ६ जून.
पुन्हा दहा. पण काल माझ्या हातून दूध उतू गेलं होतं, परीक्षक रागात होती. हा आकडा धरत नाही.
खरी अडचण लक्षात आली. मोजायचं यंत्र, म्हणजे बायको, दुसऱ्या खोलीत ठेवून मोजमाप बरोबर येणार कसं? बायकोला समजावलं. तासभर लागेल वाटलं होतं, पण लगेच पटलं. आज रात्री खोलीत येते म्हणाली.

शनिवार, ७ जून.
शून्य! मेव्हणीला कळवलं. तिने विचारलं, उशीशिवाय काय काय बदललं? म्हटलं, काहीच नाही. ताईला विचारलंत का, म्हणाली. शिक्षकांना संशयाची सवयच असते.
संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारी भेटले. रात्री तुमच्याकडे सुतारकाम चालतं का, काल तर कहर झाला, म्हणत होते. बिचाऱ्यांना वयोमानाने भास होतात.

रविवार, ८ जून. सकाळ.
पुन्हा शून्य मिळणार, याची खात्री होती. चहा घेऊन गेलो आणि निष्कर्ष दोनदा वाचून दाखवला. बायको पडल्या पडल्या माझ्याकडे बघून नुसती हसत होती. मग तिने केस मागे सारले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.
एक काढून म्हणाली, शुक्रवारपासून घालते. दिवाणाने पाठीची वाट लावली होती, काय करणार? उशी छान आहे, असंही म्हणाली.
म्हणजे उशीबरोबर यंत्रही बदललं. मेव्हणीला हे कळवणार नाही.
शेवटी विचारलंच, पाठीचं जाऊ दे, तिकडे माझी आठवण येत नव्हती का?
तोवर बोळा परत कानात गेला होता.