पहिल्या रांगेत

चि. अमृता,

नाटकाच्या पदवीसाठी तुला पुण्याला पाठवताना मी सगळ्या भावकीशी भांडलो. म्हणूनच बहुधा परवा परीक्षेच्या प्रयोगाला मला पहिल्या रांगेत बसवलंस.

ओळखीचं माणूस हुबेहूब उभं करायचं होतं. तू मला उभं केलंस. टाकव्याच्या भैरोबासमोर मी विजार वर ओढतो, कान धरतो, गुडघ्यावर हात टेकून वाकतो. लोक हसले, मीही हसलो. मग तू माझ्याच आवाजात पुटपुटलीस, "देवा, पोर तितं एकटी हाय. तिला कुनी हसू नये." त्यावर सगळ्यात मोठा हशा पिकला.

ते मी फक्त देवाला सांगत होतो. सुट्टीला घरी आलेली तू देवळात खांबाआड उभी असशील, हे ध्यानीमनी नव्हतं.

तुझे सर म्हणाले, "काका, पोरीची नजर फार बारीक आहे." तू विचारलंस, "दादा, कसं वाटलं?" मी म्हणालो, "लय भारी."

आता देवळात हात जोडण्याआधी मी मागे वळून बघतो. ओठ हलत नाहीत. तुझ्यासाठी मागायचं तसंच राहतं.

हे पत्र टपालपेटीत टाकणार नाही. नाहीतर पुढच्या परीक्षेला हेही पाठ करशील.

तुझा बाप,
महिपती